दुसरी पसंती

प्रश्न : माझी भाची दोन वर्षांपासून आयर्लंडमध्ये गॉलवे शहरात नर्स आहे. रविवारी तिचा फोन येतो. ती सांगते ते मी वहीत टिपून ठेवते, पण काही गोष्टी गळी उतरत नाहीत. तिथे म्हणे मतं हाताने मोजतात आणि मोजणी तीन-तीन दिवस चालते. पुढारलेल्या देशात असं का? हॉटेलात, पबमध्ये गेल्यावर पैसे कुणी द्यायचे याचेही अलिखित नियम आहेत म्हणे. लेखकांना आयकर लागत नाही हे खरं का? आणि एवढ्याशा देशात एवढे मोठे लेखक कसे निपजले? आमच्या मालवण तालुक्यातल्या वराड गावचं नाव लावणारा माणूस तिथे पंतप्रधान झाला, तेव्हापासून मला या देशाचं कुतूहल आहे. शेवटचं विचारते, मुलगी तिथे कितीही वर्षं राहिली तरी परकीच राहणार ना?
— एक निवृत्त शिक्षिका, मालवण

उत्तर : बाई, तुमची वही कधीतरी बघायला मिळाली तर मला फार आवडेल. मी २०१६ ते २०२० अशी चार वर्षं गॉलवेत राहिलो आणि तुमच्या भाचीला आज पडणारे प्रश्न तेव्हा मलाही पडले होते. वरकरणी ते वेगवेगळे दिसतात, पण मला ते एकाच धाग्यातले वाटतात. आयर्लंडच्या प्रजासत्ताकाची लोकसंख्या २०२२च्या जनगणनेत साधारण ५१ लाख भरली. आपल्या एकट्या पुणे जिल्ह्यात त्याहून कितीतरी जास्त माणसं राहतात. अशा देशात आज ज्याच्याशी भांडलात तो उद्या दुकानाच्या रांगेत, परवा मुलाच्या शाळेत, नाहीतर कुणाच्या तरी मयतीला भेटणारच. पुन्हा गाठ पडायची आहे, हे धरूनच तिथले बरेचसे व्यवहार चालतात. त्यात सुख आहे तसा जाचही आहे.

पोटापासून सुरुवात करू. आयरिश माणसाचं रोजचं जेवण साधं असतं. बटाटा, कोबी, खारवलेलं डुकराचं मांस, पाव, लोणी आणि दिवसभर दुधाचा कडक चहा. बाहेर जाऊन चवीने जेवायची जुनी परंपरा तिथे नाही, आणि ती का नाही हे समजायला १८४५ सालापर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी बटाट्यावर करपा पडला. गरिबांचं सगळं पोट बटाट्यावरच होतं. पुढच्या सहा-सात वर्षांत उपासमारीने आणि साथींनी सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त बोटीत बसून निघून गेली. त्याच काळात तिथलं धान्य आणि जनावरं बंदरांतून इंग्लंडला जात होती. १८४१ साली अख्ख्या बेटाची लोकसंख्या ८० लाखांच्या वर होती. आज पावणेदोनशे वर्षांनीही बेटाने तो आकडा पुन्हा गाठलेला नाही. ज्या घरांच्या आठवणीत असं रिकामं ताट आहे, तिथे ताट भरून वाढणं हाच पाहुणचार ठरला.

रविवारी दुपारी गावातल्या पबमध्ये ‘कार्व्हरी’ असते, ती बघायला भाचीला सांगा. ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं. काचेपलीकडचा माणूस भाजलेल्या मांसाचे काप करून वाढतो, आणि त्याच ताटात कुस्करलेला बटाटा, भाजलेला बटाटा आणि वर तळलेला बटाटाही येतो. मी पहिल्या दिवशी एकच प्रकार मागितला, तर वाढणाऱ्या बाईंनी काळजीने विचारलं, “बरं नाही का तुला?” आणि तिन्ही वाढले. शाकाहारी माणसाचा आधार म्हणजे त्या दिवशीचं सूप आणि सोबत तपकिरी सोडा ब्रेड. या पावात यीस्ट नसतं. गव्हाच्या पिठात ताक आणि खाण्याचा सोडा घालून, वर सुरीने फुलीची चीर देऊन तो भाजतात. ताकाची ती किंचित आंबूस चव आपल्या जिभेला लगेच ओळखीची वाटते.

रात्री उशिरा भूक लागली तर ‘चिपर’. बटाट्याचे जाड काप आणि मासे तळून देणारी ही दुकानं पिढ्यान् पिढ्या इटालियन घराण्यांकडे आहेत, आणि त्यांतली बहुतेक इटलीतल्या कासालात्तिको या एका डोंगराळ गावच्या परिसरातून आलेली आहेत. मंगळूरकडच्या मंडळींनी मुंबईत उडुपी हॉटेलं थाटली, तसंच काहीसं. शिवाय चिनी दुकानं आहेत. तिथे ‘थ्री इन वन’ मागितलं की एकाच डब्यात भात, तळलेला बटाटा आणि पिवळी करी येते. ती करी आपल्या कुठल्याच आमटीसारखी लागत नाही, पण पावसात भिजून आल्यावर गोड लागते.

आता पैशांचं. रेस्टॉरंटमध्ये बिल सहसा वाटून घेतात. टीप दहा टक्क्यांच्या आसपास देतात, पण सक्ती नसते. मोठा गट असला तर बिलात सेवाशुल्क आधीच धरलेलं असू शकतं, तेवढं बघावं. पबमध्ये मात्र ‘राउंड’ची रीत आहे. चौघे बसले की पहिला उठतो आणि चौघांचे ग्लास आणतो. ते संपत आले की दुसरा उठतो. आपण इथे गल्ल्यापाशी “मी देतो, मी देतो” म्हणून हात धरतो. तिथे हात कुणी धरत नाही, पण कुणाची पाळी आहे हे प्रत्येकाला माहीत असतं. स्वतःची पाळी यायच्या आत कोट चढवून निघणारा माणूस गावाच्या लक्षात राहतो. न पिणाऱ्यालाही या रीतीत जागा आहे. चहा नाहीतर लिंबू सोडा घेऊन त्याने बसावं, पण आपल्या पाळीला उठावं. माझ्या शेजारचे एक म्हातारबाबा सांगायचे, राउंड चुकवला की पैसे वाचतात पण उद्याची बैठक जाते.

पब हा शब्द ऐकून आपल्या डोळ्यांसमोर अंधारा बार येतो, तो चित्रातून काढून टाका. दुपारी आज्या सूप प्यायला येतात, रात्री नऊपर्यंत आईबापांबरोबर लहान मुलं असतात, कोपऱ्यात कुणी सारंगी वाजवावी तसं फिडल वाजवत असतं. काळी बिअर ओतायलाच दोन मिनिटं लागतात. ग्लास तिरका धरून पाऊण भरायचा, तो तसाच ठेवायचा, आतली तपकिरी वावटळ खाली बसू द्यायची आणि मग उरलेला वरून भरायचा. घाई केली तर ओतणाऱ्यालाच वाईट वाटतं. २९ मार्च २००४ला आयर्लंडने कामाच्या सगळ्या बंदिस्त जागांत धूम्रपानाला बंदी घातली. देशभर असा कायदा करणारा तो जगातला पहिला देश. पबवाले म्हणत होते आम्ही बुडालो, पण लोक निमूटपणे सिगारेट घेऊन पावसात बाहेर उभे राहिले.

एक गोष्ट भाचीला लवकर शिकावी लागली असेल. चहा देऊ का विचारलं की आयरिश माणूस आधी नको म्हणतो, दुसऱ्यांदाही नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा घेतो. विचारणाऱ्यानेही तीनदा विचारायचं असतं. आपल्या मालवणात हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. दुसरी ओळखीची खूण बोलण्यात सापडते. आयरिश भाषेत ‘हो’ आणि ‘नाही’ यांना स्वतंत्र शब्दच नाहीत, उत्तर क्रियापदानेच द्यायचं. “जेवलास?” “जेवलो.” “येतेस?” “येते.” आपण मराठीत ‘हो’ असूनही सवयीने असंच बोलतो. आज बहुतेक आयरिश लोक दिवसभर इंग्रजीच बोलतात, पण त्या इंग्रजीच्या पोटात जुन्या भाषेची ही सवय अजून शिल्लक आहे. गॉलवेच्या बसमध्ये उतरताना प्रत्येक माणूस चालकाचे आभार मानतो, ते ऐकतानाही मला कोकणातली एसटी आणि ‘येतंय हां’ म्हणून उतरणाऱ्या आज्या आठवायच्या.

मतमोजणीकडे वळतो. हा माझा सगळ्यात आवडता विषय आहे, तेव्हा थोडा वेळ घेतो.

तिथल्या संसदेच्या खालच्या सभागृहाला ‘डॉल’ म्हणतात. २०२४च्या निवडणुकीपासून त्यात १७४ जागा आहेत आणि मतदारसंघ मात्र ४३च. म्हणजे एका मतदारसंघातून तीन, चार किंवा पाच जण निवडून येतात. मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं आणि फोटो असतात. मतदार शिक्का मारत नाही, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने आकडे लिहितो. सगळ्यात आवडत्या उमेदवारापुढे १, त्याच्या खालोखाल जो चालेल त्याच्यापुढे २, मग ३, असं हवं तिथपर्यंत. पाच जागांच्या मतदारसंघात ६० हजार वैध मतं पडली असं धरा. त्याला जागांपेक्षा एकाने मोठ्या आकड्याने, म्हणजे सहाने भागायचं आणि एक मिळवायचा. दहा हजार एक हा झाला कोटा. तो ज्याने गाठला तो निवडून आला. कोट्यापेक्षा जास्त पडलेली मतं वाया जात नाहीत, ती त्या मतदारांनी २ लिहिलेल्या उमेदवारांकडे जातात. मग सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याचीही मतं पुढच्या पसंतीकडे जातात. असं फेरीमागून फेरी. तुमच्या लक्षात आलंच असेल की बाई, यात पहिल्या फेरीत मागे असलेला माणूसही शेवटी निवडून येऊ शकतो.

तुम्ही उल्लेख केलात त्या लिओ वराडकरांचंच बघा. वडील अशोक वराडकर मुंबईचे डॉक्टर, आई आयरिश परिचारिका. दोघांची भेट इंग्लंडमध्ये झाली. लिओंचा जन्म डब्लिनचा, तेही डॉक्टर. २०१७ साली अडतिसाव्या वर्षी ते ‘टीशॉख’ म्हणजे पंतप्रधान झाले आणि २०१९च्या डिसेंबरात घरच्यांबरोबर वराडला येऊन गेले. २०२०च्या निवडणुकीत आपल्या डब्लिनच्या मतदारसंघात पहिल्या फेरीत ते पहिले आले नाहीत, कोटाही भरला नाही. पदावर असलेले पंतप्रधान पाचव्या फेरीत, इतरांच्या पुढच्या पसंतीवर निवडून आले.

या पद्धतीने राजकारणाचा स्वभावच बदलतो, असं माझं ठाम मत आहे. उमेदवार दारावर येतो आणि तुम्ही सांगता, माझं मत दुसऱ्या पक्षाला आहे. तो तोंड वाकडं करत नाही. म्हणतो, “चांगला माणूस आहे तो. एक त्यालाच द्या, दोन मला द्याल का?” मी माझ्या घरमालकिणीच्या उंबऱ्यात उभं राहून हे शब्द ऐकले आहेत. ज्याला विरोधकाच्या मतदाराची दुसरी पसंती हवी आहे, त्याला विरोधकाला शिव्या देणं परवडत नाही. सगळेच सज्जन असतात असं नव्हे, पण गोड बोलण्याचा हिशेब तिथे मतांत मिळतो. आयर्लंडमधले दोन जुने पक्ष, फिआना फॉल आणि फिना गेल, १९२२-२३च्या यादवी युद्धातल्या दोन बाजूंमधून आले. भावाने भावावर गोळ्या झाडल्या होत्या. ते एका सरकारात बसायला २०२० साल उजाडावं लागलं, आणि बसले ते पंतप्रधानपद पाळीपाळीने घ्यायचं ठरवून. पबमधल्या राउंडसारखंच, असं तेव्हा माझा शेजारी म्हणाला होता.

ही पद्धत काढून टाकायचा घाट १९५९ आणि १९६८ असा दोनदा घातला गेला. दोन्ही वेळा सार्वमत झालं आणि दोन्ही वेळा लोकांनी नकार दिला.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा, यंत्रं का नाहीत? होती, बाई. आयर्लंडने मतदान यंत्रं विकत घेतली, २००२च्या निवडणुकीत तीन मतदारसंघांत वापरलीही. त्यांतल्या डब्लिन नॉर्थमध्ये नोरा ओवेन उभ्या होत्या. त्या माजी न्यायमंत्री, वर्षानुवर्षांच्या खासदार. हाताच्या मोजणीत हार हळूहळू दिसू लागते, माणूस मन तयार करतो, सोबतचे खांद्यावर हात ठेवतात. इथे मंचावरून निकाल एका दमात जाहीर झाला आणि आपण पडलो हे त्यांना साऱ्या देशासमोर त्या क्षणी कळलं. त्यांचा तो चेहरा लोक विसरले नाहीत. पुढे २००४ साली स्वतंत्र आयोगाने या यंत्रांच्या अचूकतेची आणि गुप्ततेची खात्री देता येत नाही असं सांगितलं. यंत्रं गोदामात गेली, गोदामांचं भाडं भरत राहावं लागलं, २००९ साली योजनाच रद्द झाली. साडेपाच कोटी युरोंच्या आसपास खर्चलेली ती यंत्रं २०१२ साली सुमारे ७० हजार युरोंना भंगारात गेली. नव्वद कोटींहून जास्त मतदारांच्या आपल्या देशाचं गणित वेगळं आहे, तिथला धडा इथे जसाच्या तसा लावू नये. पण ५१ लाखांच्या देशाला तीन दिवस थांबणं परवडतं, आणि त्यांनी ते समजून-उमजून निवडलं आहे.

२०२०च्या फेब्रुवारीत एका शेजाऱ्याने मला मोजणी बघायचा पास मिळवून दिला. मोठं सभागृह, मध्ये लांबच लांब टेबलं, भोवती कमरेएवढा कठडा. सकाळी पेट्या उघडल्या. कर्मचारी एकेक मतपत्रिका उलगडून, तोंड वर करून ठेवत होते, आणि कठड्याला पोट टेकवून सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते रांगेने उभे. प्रत्येकाच्या हातात पुठ्ठ्याला अडकवलेला कागद आणि पेन्सिल. पत्रिका उलगडली की पहिली पसंती कुणाला ते बघून रेघ. चार उभ्या, पाचवी आडवी. पेटी कुठल्या गावातल्या कुठल्या शाळेतून आली हे माहीत असल्यामुळे कुठल्या गावाने काय केलं तेही समजत होतं. या मंडळींना ‘टॅलीवाले’ म्हणतात. मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. अकराच्या सुमाराला सगळ्या पक्षांचे टॅलीवाले एका टेबलाशी जमले आणि आपापले आकडे एकमेकांना देऊन त्यांनी बेरीज केली. अधिकृत पहिली फेरी जाहीर व्हायच्या कितीतरी आधी, दुपारपर्यंत त्यांना निकालाचा अंदाज आला होता आणि तो जवळजवळ बरोबर निघाला. मी ज्यांच्याबरोबर गेलो होतो त्यांचा उमेदवार पडत होता. शेजारच्या विरोधी पक्षाच्या म्हाताऱ्याने खिशातून पुडक्यातलं सँडविच काढून अर्धं त्यांना दिलं. दोघं कठड्याला टेकून खात, रेघा मारत राहिले.

२०२४ साली शुक्रवारी मतदान झालं, शनिवारी पेट्या उघडल्या आणि शेवटच्या जागा लागायला सोमवार उजाडला. तुमच्या भाचीने वॉर्डातल्या टीव्हीवर पाहिलं असेल ते हेच.

आता जाच. सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे सगळं माहीत असूनही कुणी बोलत नाही, अशी एक मुकी शिस्त तयार होते. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुली, अनाथ मुली, घरच्यांना नकोशा झालेल्या मुली धर्मसंस्थांच्या धुलाईघरांत ठेवल्या जात आणि त्यांच्याकडून बिनपगारी काम करून घेतलं जाई. गावोगावची चादर-टॉवेल तिथे धुवायला जायची, म्हणजे गावाला ठाऊक होतंच. शेवटचं धुलाईघर बंद झालं १९९६ साली. सरकारने माफी मागितली २०१३ साली.

आणि इथे आपल्या बाजूची एक मुलगी येते. सविता हलप्पनवार, बेळगावच्या घरातली, दंतवैद्य, वय ३१. गॉलवेत राहत होती. ऑक्टोबर २०१२मध्ये, सतरा आठवड्यांची गरोदर असताना गर्भपात अटळ आहे हे दिसत असूनही गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून तो करून देण्याची तिची मागणी नाकारली गेली, आणि जंतुसंसर्ग होऊन ती २८ तारखेला गेली. तिच्या मृत्यूने तो देश हादरला. लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले. पुढे चिठ्ठ्या टाकून निवडावं तसे ९९ सामान्य नागरिक बोलावून त्यांची सभा भरवण्यात आली, त्यांनी महिनोन् महिने डॉक्टर, वकील, बायका यांचं ऐकून घेतलं आणि घटनेतलं गर्भपात रोखणारं कलम बदला अशी शिफारस केली. २५ मे २०१८च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून जास्त लोकांनी बदलाच्या बाजूने कौल दिला. परदेशी गेलेल्या बहुतेकांना टपालाने मत देता येत नाही, म्हणून तरुण मुलंमुली जगभरातून तिकिटं काढून मतासाठी घरी आली. डब्लिनमध्ये एका भिंतीवर सविताचं मोठं चित्र होतं. त्या दिवसांत लोकांनी त्यावर शेकडो चिठ्ठ्या चिकटवल्या, माफी मागणाऱ्या, आभार मानणाऱ्या. मी तिथे निकालानंतरच्या आठवड्यात गेलो. एक वयस्क बाई चिठ्ठ्यांमधली रिकामी जागा शोधत होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, “तिच्या गावचा का तू?” मी म्हटलं, जवळचा. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

तुमच्या पुस्तकांच्या प्रश्नाचं उत्तर मला याच मुकेपणात सापडतं. जे चारचौघांत बोलायची सोय नव्हती ते तिथे कथा-कादंबऱ्यांत बोललं गेलं, आणि म्हणूनच पुस्तकांची भीतीही वाटली. १९२९ साली कायदा करून पुस्तकांवर बंदी घालणारं मंडळ नेमण्यात आलं. एड्ना ओब्रायन या क्लेअर परगण्यातल्या मुलीची ‘द कंट्री गर्ल्स’ ही पहिली कादंबरी १९६० साली आली. दोन मुलींची गोष्ट, त्यांच्या इच्छांसकट. बंदी. पाच वर्षांनी जॉन मॅकगाहर्न यांच्या ‘द डार्क’ कादंबरीवर बंदी आली आणि त्यांची प्राथमिक शिक्षकाची नोकरीही गेली. तुम्ही स्वतः शिक्षिका आहात, त्या माणसावर काय गुदरलं असेल याची कल्पना तुम्हाला माझ्याहून जास्त येईल. १९६७ साली कायदा सैल झाला. एड्नाबाईंची हाडं मात्र शेवटी घरीच विसावली. जुलै २०२४मध्ये त्या लंडनमध्ये वारल्या तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे तुआमग्रेनी या त्यांच्या गावी प्रार्थना झाली आणि शवपेटी होडीतून तळ्यातल्या बेटावर नेऊन पुरण्यात आली. ज्यांची पुस्तकं देशात विकायला मनाई होती त्यांना निरोप द्यायला राष्ट्राध्यक्ष आले होते, आणि ते मायकेल डी. हिगिन्स स्वतः कवी.

तुम्हाला एकच पुस्तक सुचवायचं तर क्लेअर कीगन यांचं ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’. शंभर-सव्वाशे पानं, एका कोळसा विकणाऱ्या गृहस्थाची नाताळच्या दिवसांतली गोष्ट, आणि वर सांगितलेल्या धुलाईघरांपैकी एक त्याच्या गावातच आहे. गाव गप्प आहे. एका बैठकीत वाचून होतं, पण उठवत नाही.

आयकराचं उत्तर असं की सरसकट माफी नाही. १९६९पासून मूळ सर्जनशील लेखन, संगीत, चित्र, शिल्प यांच्या उत्पन्नाला सूट आहे, आज ती वर्षाला ५० हजार युरोंपर्यंत. पाठ्यपुस्तकं, वर्तमानपत्री लेखन त्यात बसत नाही. शिवाय २०२२ साली दोन हजार कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो देण्याची योजना सुरू झाली. पात्र अर्जांतून नावं चिठ्ठी टाकल्यासारखी काढली, कुणाचं लेखन थोर हे ठरवायच्या भानगडीत सरकार पडलं नाही. मला तो निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. येट्स, शॉ, बेकेट आणि हीनी असे चार साहित्याचे नोबेल असलेल्या देशालाही ठाऊक आहे की आज कुणाच्या वहीत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही.

पण सामान्य वाचकाच्या दृष्टीने मोठी गोष्ट वेगळीच घडली. सार्वजनिक ग्रंथालयांचं सभासदत्व फुकट आहे, आणि १ जानेवारी २०१९पासून पुस्तक उशिरा परत केलं तरी दंड नाही. त्या जानेवारीत माझ्या समोर एका माणसाने रंग उडालेलं मुलांचं पुस्तक खालमानेने टेबलावर ठेवलं. दंडाच्या भीतीने मुलीला इतकी वर्षं ग्रंथालयात आणलं नव्हतं, म्हणाला. ग्रंथपालबाईंनी पुस्तक उचलून कपाटात ठेवलं आणि विचारलं, “मुलगी आता केवढी झाली? कार्ड करायचं का तिचं?”

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, मुलगी परकीच राहणार का. संसदेच्या निवडणुकीत आणि सार्वमतात तुमच्या भाचीला मत नाही, त्याला नागरिकत्व लागतं. पण तिथल्या नगर आणि परगणा परिषदांच्या निवडणुकीत अठरा वर्षांवरच्या प्रत्येक रहिवाशाला मत आहे, पासपोर्ट कुठल्याही देशाचा असो. मत द्यायलाच नव्हे, उभं राहायलाही मोकळीक आहे. गेली निवडणूक ७ जून २०२४ला झाली, दर पाच वर्षांनी होते, म्हणजे पुढची २०२९च्या उन्हाळ्यात. नाव मतदारयादीत ऑनलाइन घालता येतं. तिचा पीपीएस हा सरकारी क्रमांक, जन्मतारीख आणि घराचा एअरकोड म्हणजे तिथला पिनकोड हाताशी लागेल. रविवारी फोन आला की तिला विचारा, नाव घातलंस का? पेन्सिल दोरीला बांधलेली असेल. तिने १ तर लिहावाच, पण २ आणि ३ रिकामे सोडू नयेत.